टेबलावर डेस्कटॉप, पिशवीत टॅबलेट: लॅपटॉपचं काम दोघांत वाटताना

गेल्या आषाढात माझ्या लॅपटॉपचं झाकण मिटेनासं झालं. पुढची कड वर राहायची आणि टचपॅडवर बोट ठेवलं की खाली काहीतरी तटतटून आल्यासारखं लागायचं. मला वाटलं, दमट हवेनं प्लास्टिक सुटलं असेल. भाच्यानं एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "मामा, आधी चार्जर काढ. बॅटरी फुगलीय."

मी म्हार्दोळला घरी बसून डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायची कामं करतो. लग्नपत्रिका, देवस्थानांच्या उत्सवपत्रिका, भजनी मंडळांच्या पुस्तिका, आणि जत्रा-कालोत्सवांच्या हंगामात गावागावांतल्या नाटकांच्या संहिता. तो लॅपटॉप सहा वर्षं चालला. नवा घ्यायला निघालो तेव्हा भाच्यानं एक प्रश्न विचारला: "तू तो बाहेर नेतोस तेव्हा त्याच्यावर नक्की काय करतोस?" मी आठवू लागलो. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला तालमीला जातो, तिथं संहिता उघडून बसतो, दिग्दर्शकानं बदललेली वाक्यं टिपतो. पणजीत छापखान्यात जाऊन प्रूफ दाखवतो. पानं लावणं, चित्रं बसवणं, छपाईची फाइल काढणं, यांतलं एकही काम मी सहा वर्षांत घराबाहेर केलं नव्हतं. घडवायचं काम टेबलावर आणि वाचायचं, दाखवायचं, टिपायचं काम बाहेर. दोन्हींसाठी मी एकच यंत्र वापरत होतो आणि ते दोन्हीकडे अपुरं पडत होतं.

म्हणून लॅपटॉपच्या जागी डेस्कटॉप आणि टॅबलेट घेतला. ही वाटणी कोणाला मानवते, कुठे अडते, आणि त्यामागचं तंत्र काय, हे मला समजलं तसं इथे मांडतो.

लॅपटॉप ही तडजोड कशी आहे

संगणक सोबत न्यायची कल्पना जुनी. १९८१ साली ऑस्बोर्न १ नावाचं यंत्र बाजारात आलं. वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंची, आणि बॅटरी नाही. जिथे न्याल तिथे भिंतीतला सॉकेट शोधायचा. म्हणजे टेबलच उचलून नेल्यासारखं. पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास आला आणि पडदा कीबोर्डावर मिटायची घडण रूढ झाली. आजचा लॅपटॉप त्याच घडणीचा आहे. तो हलका झाला, बॅटरीवर चालू लागला, तरी तीन गोष्टी त्याला चुकवता आलेल्या नाहीत.

पहिली उष्णता. प्रोसेसर जितकी वीज खातो तितकी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पातळ लॅपटॉपमधले बरेच प्रोसेसर दीर्घकाळ साधारण १५ ते २८ वॉटवर चालतील असे बेतलेले असतात. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी तोच आकडा बहुधा ६५ वॉट. काम सुरू झाल्यावर लॅपटॉपही काही काळ जोरात धावतो, पण बोटभर जाडीच्या खोक्यातून उष्णता लवकर निघत नाही, म्हणून थोड्या वेळानं तो आपणहून वेग उतरवतो. दोनशे पानांच्या पुस्तिकेची पीडीएफ काढताना पहिली पानं झपझप आणि पुढची रेंगाळत जायची, त्याचं कारण हे. गोव्यात एप्रिल-मेच्या उकाड्यात खोलीच तापलेली असते, त्यामुळे ही अडचण आणखी वाढते.

दुसरी बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेलं राहणं. माझा लॅपटॉप टेबलावर कायम चार्जरला लावलेला, म्हणजे दोन्ही एकदम. अशा अवस्थेत आतल्या रसायनांचं हळूहळू विघटन होतं, वायू साठतो आणि बॅटरीची बंद पिशवी फुगते. तसं दिसलं तर चार्जर काढायचा, यंत्र बंद करायचं, दाबून बसवायला जायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही, आणि बॅटरी जाणकाराकडून काढून ई-कचऱ्यात द्यायची. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. टेबलावरच वापरत असाल तर ती आजच चालू करा. मला ती ठाऊक नव्हती.

तिसरी मानेची. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड बिजागरीनं जोडलेले. हात सोयीच्या उंचीवर ठेवले की पडदा खाली जातो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणला की हात वर लोंबकळतात. वेगळ्या मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि अंतर हातभर ठेवलं की हा प्रश्न मिटतो. दिवसाचे आठ तास ज्यांचं टंकन चालतं त्यांच्यासाठी वेगाहून हे जास्त मोलाचं आहे, असं माझं स्पष्ट मत. डेस्कटॉप आल्यावर पंधरा दिवसांत माझा खांदा दुखायचा थांबला.

मॉनिटरबद्दल एक गोष्ट आपल्या लिपीपुरती. २४ इंची, १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर इंचाला सुमारे ९२ ठिपके येतात, २७ इंची २५६० बाय १४४० वर सुमारे १०९. रोमन अक्षरांना पहिलाही चालून जातो. पण 'ष्ट्य', 'र्द्ध्व' अशी जोडाक्षरं, रफार, अनुस्वार बारीक टाइपात वाचायचे तर दुसरा पडदा उजवा. अनुस्वार सुटला तर शिवी प्रूफ तपासणाऱ्यालाच मिळते.

टॅबलेट दिवसभर कसा पुरतो

ॲपलनं २०१० साली पहिला आयपॅड आणला तेव्हापासून पुष्कळांना टॅबलेट म्हणजे मोठा फोन वाटतो. एका अर्थी ते खरंच आहे, आणि त्याची चिवटाईही त्यातूनच येते. साध्या आयपॅडच्या दहाव्या पिढीची बॅटरी सुमारे २८.६ वॉट-तासांची, आणि कंपनी वेबवाचनासाठी १० तास सांगते. भागाकार केला तर सरासरी जेमतेम ३ वॉट. आपल्या घरातला एलईडी बल्बही याहून जास्त खातो.

इतक्या कमी विजेत भागतं ते दोन कारणांनी. एक, त्यातले प्रोसेसर फोनच्या कुळातले, कमी विजेत काम उरकायलाच घडवलेले. दुसरं कारण कार्यप्रणालीत आहे आणि ते समजलं की टॅबलेटच्या बहुतेक अडचणीही समजतात.

जुनं गोव्यातलं घर डोळ्यांसमोर आणा. मध्ये राजांगण, भोवती खोल्या, कुणीही कुठूनही कुठे जावं. डेस्कटॉप संगणक तसा आहे. एका प्रोग्रामनं केलेली फाइल दुसरा उघडतो, तिसरा तिची प्रत काढतो, चौथा मागे बसून छपाई चालवतो. टॅबलेट फ्लॅटच्या इमारतीसारखा. प्रत्येक ॲप आपल्या दाराआड, आपलं सामान आपल्यापाशी. दुसऱ्याला काही द्यायचं तर दारातून हाती द्यावं लागतं. 'शेअर'चं बटण म्हणजे ते दार. आणि एखादं ॲप पडद्याआड गेलं की थोड्याच वेळात प्रणाली त्याला झोपवते. त्यामुळे बॅटरी टिकते, एका ॲपचा बिघाड दुसऱ्यात पसरत नाही. पण मोठी फाइल पाठवायला लावली आणि दुसरं ॲप उघडलं, तर पाठवणं अर्ध्यात थांबू शकतं.

म्हणून टॅबलेट घेण्याआधी आपली रोजची कामं एकेक करून तपासावीत. हिशेबाचं टॅली, पानं लावायचं पेजमेकर हे प्रोग्राम टॅबलेटवर चालत नाहीत. पेजमेकरची तर शेवटची आवृत्तीच २००१ सालची, तरी गोव्यातल्या कितीतरी छोट्या छापखान्यांत जुन्या फायली अजून त्यातच आहेत. निविदा किंवा कंपनीची कागदपत्रं भरणाऱ्यांकडे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असतं, त्यालाही बहुधा विंडोज संगणक लागतो. ही कामं तुमची असतील तर डेस्कटॉप काढून टाकायचा विचारच नको.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे, तिच्याबद्दल कुणी सांगत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांत टंकलेल्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. आत रोमन अक्षरांचे क्रमांक असतात आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढतो. तो फाँट नसलेल्या टॅबलेटवर अशी फाइल उघडली की सगळा मजकूर रोमन अक्षरांचा कालवा दिसतो. युनिकोडमध्ये तसं नाही. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून मजकूर कुठल्याही यंत्रावर मराठीच राहतो. माझ्याकडच्या वीसेक वर्षांच्या संहिता जुन्या फाँटात होत्या. त्यातल्या बऱ्याचशा युनिकोडमध्ये बदलायला पुरा श्रावण गेला, आणि बदलल्यावरही रफार आणि ऱ्हस्व इकार हातानं तपासावे लागले. नुसत्या वाचायच्या असतील तर सोपी वाट म्हणजे पीडीएफ: नीट काढलेल्या पीडीएफमध्ये फाँटचे आकार फाइलसोबतच जातात.

टंकनाचंही आधी पाहून घ्या. टॅबलेटला कीबोर्ड जोडून मराठी लिहिता येतं, पण जुन्या डीटीपीवाल्यांची बोटं टाइपरायटरच्या कळांच्या आराखड्यावर बसलेली असतात आणि काहींची इन्स्क्रिप्ट या दुसऱ्या आराखड्यावर. आपला आराखडा त्या टॅबलेटवर आहे का, हे दुकानातच दोन ओळी लिहून पाहावं. शिवाय, कीबोर्डाचं जड कव्हर चढवून टॅबलेटचा लॅपटॉप करायला गेलं की वजनही लॅपटॉपचंच होतं. मी कीबोर्ड घेतला नाही.

मी घेतला तो पेन. टॅबलेट मला खऱ्या अर्थानं उपयोगी पडतो तो तिथेच. स्वस्त रबरी टोकाचं पेन म्हणजे नुसतं बोट. टॅबलेटसोबत बनवलेलं पेन वेगळं, त्याचं टोक पडद्याला स्वतंत्र ओळखू येतं. त्यामुळे तळहात टेकला तरी रेघ उमटत नाही, आणि बऱ्याच पेनांत दाबाप्रमाणे रेघ बारीक-जाड होते. चोडणच्या तालमीत आता मी संहितेची पीडीएफ मांडीवर घेऊन बसतो. एखादं वाक्य कापलं की आडवी रेघ, नवं आलं की समासात हस्ताक्षरात. पूर्वी छापील प्रतीवर हेच करायचो आणि पावसात भिजलेले कागद घरी आणून सुकवायचो.

दोघांमधला सांधा

यंत्रं दोन झाली की एक नवं काम जन्माला येतं: कुठली प्रत ताजी? लॅपटॉप एकटा असतो तेव्हा हा प्रश्नच नसतो. या वाटणीची खरी किंमत हीच आहे आणि ती दुकानाच्या पावतीत दिसत नाही.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह यांसारख्या सेवा दोन्हीकडची फाइल सारखी ठेवतात. पहिलीत १५ जीबी फुकट, दुसरीत ५. साध्या कागदपत्रांना पुरेशी, छपाईच्या चित्रांना नाही. पण त्या चालतात इंटरनेट असेल तेव्हा. एका रात्री देवळाच्या सभामंडपात रेंज नव्हती. मी टॅबलेटवर दुसरा अंक भरभरून सुधारला, घरी आलो, दमून झोपलो, सकाळी टॅबलेट न उघडताच डेस्कटॉपवरची प्रत हाती घेतली. ती कालची होती. दुपारपर्यंत एकाच अंकाच्या दोन प्रती तयार, दोन्हींत वेगवेगळ्या दुरुस्त्या, आणि तालीम संध्याकाळी. ओळ ओळ लावून जुळवताना डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. मूळ फाइल फक्त डेस्कटॉपवर बदलते. टॅबलेटवर जाते ती पीडीएफ, तिच्यावर फक्त खुणा होतात. घरी आल्यावर टॅबलेट वायफायवर उघडा ठेवून खुणांची प्रत पोचल्याचं पाहायचं, मगच मूळ फाइलला हात लावायचा. छापखान्यांत प्रूफ पूर्वापार असंच फिरतं.

आणि या सेवेला राखीव प्रत समजू नका. एका ठिकाणी फाइल पुसली की ती दुसरीकडूनही पुसली जाते. काही दिवस ती कचरापेटीत सापडते, मग नाही. आठवड्यातून एकदा बाहेरच्या ड्राइव्हवर प्रत काढून तो ड्राइव्ह काढून ठेवावा.

टॅबलेटवरून घरचा डेस्कटॉप दुरून चालवताही येतो. तेव्हा काम घरच्या यंत्रात होतं, तुमच्यापर्यंत येतं ते फक्त त्याच्या पडद्याचं चित्र. विंडोजच्या होम आवृत्तीला मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप बाहेरून येऊ देत नाही, प्रो आवृत्ती देते. क्रोम रिमोट डेस्कटॉप होमवरही चालतं. अडलेल्या वेळी एखादी फाइल काढायला ठीक. पण घरी वीज हवी, यंत्र चालू हवं, घरचं नेट हवं, आणि तुम्ही असाल तिथे रेंज हवी. जुलैत सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात या चारही गोष्टी एकदम जुळतील यावर मी काम सोपवणार नाही.

वीज, विजा आणि चिऱ्याच्या भिंती

लॅपटॉपची बॅटरी हा त्याच्यासोबत फुकट आलेला यूपीएस असतो. डेस्कटॉप घेतला की ती सोय जाते, आणि आपल्याकडे पावसाच्या पहिल्या वाऱ्यात माड किंवा आंब्याची फांदी तारेवर पडतेच. म्हणून यूपीएसचा खर्च डेस्कटॉपच्या किमतीतच धरा.

६०० व्हीएचा छोटा यूपीएस बहुधा ३६० वॉटपर्यंतचा भार पेलतो. म्हणजे तेवढं एका वेळी ओढता येतं. किती वेळ टिकेल ते बॅटरीवर ठरतं. आत बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची शिसं-आम्लाची बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॉट-तास. संगणक आणि मॉनिटर मिळून १०० वॉट घेत असतील तर कागदावर पन्नास मिनिटं होतात, पण अशी बॅटरी जोरात ओढली की पूर्ण देत नाही आणि काही ऊर्जा रूपांतरात जाते. अर्ध्या तासाच्या आतच ती शिट्ट्या मारू लागते. फाइल जतन करून यंत्र नीट बंद करायला एवढा वेळ भरपूर, काम चालू ठेवायला नाही. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसच्या बॅटरीच्या सॉकेटला कधीच लावू नका. शाई तापवून बसवणारा त्याचा रूळ क्षणात इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो.

घराला इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का पाहा. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलताना जास्त क्षण जातात. पंख्याला ते कळत नाहीत, संगणक तेवढ्यात बंद पडतो.

विजांच्या बाबतीत मी विजेचा लोट अडवणाऱ्या कुठल्याही सॉकेटपट्टीवर विसंबत नाही. वैशाखातला किंवा दसऱ्यानंतरचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढतो. फायबरची तार काचेची, तिच्यातून वीज येत नाही. पण राउटरचा अडॅप्टर आणि खांबावरून आलेली तांब्याची तार यांतून येते, तेव्हा त्याही काढायच्या. त्या वेळात टॅबलेट हाती असतो, काम थांबत नाही.

दमटपणाचं मात्र उलट आहे. चालू यंत्र स्वतःच्या उबेनं कोरडं राहतं. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद ठेवलेल्या डेस्कटॉपात ओल शिरते, समुद्रालगतच्या घरांत खारी हवा जोडण्यांवर गंज चढवते. काम नसलं तरी अधूनमधून तासभर चालू ठेवावा.

आणि चिऱ्याच्या जाड भिंती. सोप्यावरचा राउटर आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही. लॅपटॉप घेऊन आपण उठून जायचो, डेस्कटॉप उठत नाही. शिवाय सगळ्याच डेस्कटॉपांत वायफाय नसतं आणि कॅमेरा तर बहुधा नसतोच. मी राउटरपासून टेबलापर्यंत तार ओढून घेतली.

घ्यायचं ठरवण्याआधी

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यानं, दोन घरांत आठवडा वाटलेल्या माणसानं, गावोगाव जाऊन तिथेच हिशेब लिहिणाऱ्यानं लॅपटॉपच घ्यावा. त्यांचं घडवायचं कामच फिरतं आहे, त्याला टेबल नाही.

ज्यांचं टेबल ठरलेलं आहे त्यांनी आधी महिनाभर करून पाहावं. जुना लॅपटॉप धड चालत असेल तर त्याला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून टेबलावरच ठेवा, बाहेर फक्त फोन किंवा कुणाचा मागून आणलेला टॅबलेट न्या. लॅपटॉप हवाच होता असं कुठे कुठे वाटलं, ते वहीत लिहा. महिन्यात दोन-चार नोंदी झाल्या तर वाटणी जमेल. रोज नोंद होत असेल तर पैसे वाचले. मॉनिटर वाया जात नाही, पुढे काहीही घेतलं तरी तो लागतोच.

डेस्कटॉप जुना घेत असाल तर विंडोज ११ चालेल ना, तेवढं बघा. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मॉनिटरच्या मागे बसणारा छोटा मिनी पीसी कमी वीज खातो, यूपीएसवर जास्त टिकतो. तरी मी उभा डबाच घेतला. त्याचा पॉवर सप्लाय, रॅम, एसएसडी कुठल्याही बनावटीची बसते, आणि फोंड्यात दुपारी नेला तर संध्याकाळी दुरुस्त होऊन येतो. टॅबलेटचं तसं नाही. त्यात रॅम वाढत नाही, बॅटरी चिकटवलेली असते, म्हणून तो घेताना साठवण थोडी जास्त घ्यावी आणि सुरक्षेची अपडेट किती वर्षं देणार, ते विचारावं.

माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी भाच्यानं काढून दिली. यंत्र अजून चार्जरवर चालतं, जुन्या फाँटातल्या उरलेल्या संहिता त्याच्यातच आहेत. रोज रात्री जेवण झालं की त्यातली एकेक युनिकोडमध्ये आणतो. अकरा राहिल्यात.